डावीकडची रांग

बाबासोची ट्रॉली शेजारच्या हत्तीगवतात शिरली तेव्हा बांधावरची माणसं उठून उभी राहून हसायला लागली. ट्रॅक्टरचं तोंड एकीकडे, ट्रॉली दुसरीकडे, बॉनेटवरची झेंडूची माळ सुटून पुढच्या चाकात गुंडाळलेली. बाबासो वरून ओरडून सांगत होता, की त्याची काही चूक नाही, गवतानंच त्याला आत ओढून घेतलं. कुणीतरी खालून विचारलं, आता गवत कापून आणतोयस का वैरणीला. तो म्हणाला, आलोच आहे तर आणतो.

सोयाबीन काढून मोकळ्या झालेल्या त्या रानात चुन्याच्या दोन समांतर रेघा मारल्या होत्या. दोन्ही रेघांवर बांबूच्या काठ्या रोवून त्यांना लाल चिंध्या बांधल्या होत्या. ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर या दोन रांगांमधून उलटा न्यायचा, मध्यावर रेघा वळतात तिथे वळायचं आणि टोकाला आखलेल्या चौकोनात ट्रॉली उभी करायची. ज्याच्या कमी काठ्या पडतील तो जिंकला. ऐकायला सोपं वाटतं. पण ट्रॉली डावीकडे न्यायची तर स्टेअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं, आणि जरा जास्त फिरलं की ट्रॉली मिटलेल्या चाकूसारखी घडी घालून इंजिनाला येऊन भिडते. आमच्या भागात लग्नाच्या मुलाबद्दल चौकशी करताना, रिव्हर्स येतो का, असं अर्धं चेष्टेनं विचारतात.

ही शर्यत चौघा मित्रांची होती. बाबासो चौगुले, इक्बाल मुजावर, सर्जेराव आणि माझे पती निवास. चौघं एका शाळेत शिकले, एकदमच नापास झाले, आणि पुढे चौघांनीही ट्रॅक्टर घेऊन एकाच कारखान्याला ऊस वाहायला सुरुवात केली. दरवर्षी खंडेनवमीला सकाळी ट्रॅक्टर धुऊन पूजा व्हायची आणि दुपारी सर्जेरावच्या रानात हा खेळ. बक्षिसाचे पैसे चौघं मिळून घालायचे. सर्जेरावची आई ते पाकीट देवापुढे ठेवायची आणि जिंकणाऱ्याला कुंकू लावून द्यायची. पाकिटाबरोबर आणखी एक मान होता. कारखान्याचं गाळप सुरू झालं की चौघांमधली पहिली खेप त्यानं न्यायची. त्या दिवशी त्याचा ट्रॅक्टर पुढे आणि बाकीचे तिघे मागे. पैसे संध्याकाळीच मटणाच्या रश्श्यात संपायचे. पहिल्या खेपेची गोष्ट मात्र वर्षभर चालायची. बहुतेक वर्षी ती खेप निवासनी नेली होती.

मी त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करत असे. उसाच्या रसाचे नमुने तपासून त्यात साखर किती ते सांगायचं, हे माझं काम. शर्यतीला मी सहसा जात नसे. त्या वर्षी गेले, कारण त्या वर्षी शर्यतीवर आमच्या घरातला एक निर्णय अवलंबून होता.

उन्हाळ्यात निवासना मेंदूचा झटका आला. हातापायातली ताकद थोड्या दिवसांत परत आली, बोलणं तर एक दिवसही बिघडलं नव्हतं. डोळे तपासले, तेही चांगले निघाले. पण डावीकडचं जग त्यांच्यासाठी उरलं नव्हतं. ताटात उजवीकडे असलेली भाकरी आणि भाजी ते खायचे, डावीकडची आमटी तशीच ठेवायचे आणि विचारायचे, आज आमटी केली नाहीस का. मी ताट फिरवायची. मग ते वाटीकडे आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, आत्ता ठेवलीस होय.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी मला सगळं समजावून सांगितलं. डोळे चित्र पाठवतात, पण मेंदू त्याची डावी बाजू घेत नाही, आणि घेत नाही हे त्याचं त्याला कळतही नाही. हे शेवटचं वाक्य मला पटकन समजलं. निवासना समजणं शक्य नव्हतं. तिथे अंधार दिसला असता तर त्यांनी मान्य केलं असतं. अंधार नव्हताच. त्यांना पूर्ण चित्र दिसत होतं, फक्त ते अर्धं होतं.

डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. निवासनी विचारलं, डॉक्टरला ट्रॅक्टर चालवता येतो का. पावसाळाभर ते अंगणात, शेताच्या वाटेवर ट्रॅक्टर फिरवत राहिले. एकदा दारातलं पाण्याचं पिंप चेपलं, एकदा गोठ्याचा खांब मोडला. दोन्ही वेळी त्यांनी शपथेवर सांगितलं, की ती वस्तू आधी तिथे नव्हती. ते खोटं बोलत नव्हते.

आमच्या गावाहून कारखान्याकडे जाणारा रस्ता हायस्कूलवरून जातो. शाळेची मुलं रस्त्याच्या डाव्या कडेनं चालतात. मी रोज त्याच रस्त्यानं कामावर जायची, आणि डाव्या कडेला किती जण आहेत हे बघायची मला सवय लागली होती.

गाळप जवळ आलं तसं आमचं भांडण वाढलं. मी ड्रायव्हर ठेवू म्हणायची. ते म्हणायचे, मग मला पण एखाद्या खुंटीला टांगून ठेव. शेवटी तोडगा त्यांनीच काढला. नवमीची शर्यत जिंकलो तर हंगाम मी करणार आणि तू पुन्हा हा विषय काढायचा नाहीस. हरलो तर किल्ली तुझ्या हातात. मी हो म्हटलं. माझं सांगणं त्यांना पटत नव्हतं, डॉक्टरांचं पटत नव्हतं. पडलेली काठी पटेल असं मला वाटलं. प्रयोगात जे दिसतं ते माणूस नाकारत नाही, अशी माझी समजूत होती. ही अट ते मित्रांना जाऊन सांगतील, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

बाबासोला गवतातून ओढून काढल्यावर इक्बालची पाळी आली. इक्बाल शांत माणूस. दुधाची किटली भरून ठेवली तरी सांडणार नाही असा चालवायचा. त्यानं सुरुवातीलाच ट्रॉलीची घडी घातली, मग पुढे घेतली, मग पुन्हा घडी घातली, आणि असं करत करत दोन्ही बाजूंच्या काठ्या झोपवत आडवाच चौकोनात जाऊन पोचला. लोकांना आता हसू आवरेना. बांधावरची एक म्हातारी म्हणाली, आज या सगळ्यांनी सकाळपासूनच घेतलीय वाटतं.

मीही हसत होते. मग सर्जेराव चढला.

तो आणि निवास, दोघांमध्ये कोण चांगला हा गावातला जुना वाद होता. सर्जेरावनं ट्रॅक्टर मागे घ्यायला सुरुवात केली आणि पहिली काठी पाडली. थोडं अंतर नीट नेलं, मग दुसरी पाडली. मग समोरच्या रांगेतली एक. प्रत्येक वेळी तो आधी सीटवरून जरा उठून मान लांब करायचा, काठीकडे नीट बघायचा आणि मग ट्रॉली तिच्यावर घालायचा. ट्रॉलीच्या फळीचा मध्य दर वेळी काठीवर येत होता. माझं हसू थांबलं. चुकणाऱ्याच्या चुका विखुरलेल्या असतात. सर्जेरावच्या चुका नेम धरून मारल्यासारख्या होत्या.

इक्बाल माझ्या जवळच उभा होता. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्यानं आधी सांगितलं की रान ओलं आहे, काल पाऊस झाला, चाक सरकतंय. मी बघतच राहिले. त्याला खोटं फार वेळ धरून ठेवता येत नसे.

"एक हंगाम करू दे की त्याला, वहिनी," तो खाली बघत म्हणाला. "आम्ही हाय की पुढं-मागं."

"त्यांना डावीकडचं दिसत नाही, इक्बालभाऊ."

"म्हाईत हाय. पण घरात बसला तर उजवीकडचं बी बघायचं सोडंल तो."

तो म्हणत होता ते खरं होतं. मीही गेले कित्येक महिने तेच बघत होते. निवास जिंकले तर रस्त्यावर कुणाचं तरी मूल जाईल आणि हरले तर ते स्वतः जातील, असं मला वाटत होतं. आणि तरीही ते हरावेत अशी इच्छा धरून मी त्या बांधावर उभी होते. आपल्या माणसानं हरावं म्हणून उभं राहणं काय असतं, ते त्या दिवशी मला कळलं.

निवासची पाळी आली. त्यांनी पांढरा शर्ट घातला होता. सकाळी दाढी केली होती, पण डाव्या गालावर खुंटांचा पट्टा तसाच राहिला होता, आणि उन्हात तो लांबूनही दिसत होता. चढताना ते तिघा मित्रांवर तोंडसुख घेत होते. शेळ्या वळायला जावा जावा, म्हणत होते. बाबासो म्हणाला, तुझी बी ट्रॉली बघू आता, गवत अजून शिल्लक हाय.

त्यांनी शरीर वळवलं, एक हात मागच्या मडगार्डवर ठेवला आणि ट्रॅक्टर मागे घेतला.

मागे वळून बसलेल्या माणसाची डावी बाजू म्हणजे ट्रॅक्टरची उजवी. मी त्या बाजूला उभी होते. पलीकडची, म्हणजे त्यांच्या उजव्या हाताची रांग मी दोन चाकांमधून बघितली. ट्रॉली त्या रांगेपासून वीतभर अंतर ठेवून सरकत होती. कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही. इंजिनाचा आवाज एकसारखा होता. मध्यावरचं वळण त्यांनी न थांबता घेतलं, जणू ट्रॉलीला स्वतःलाच तिकडे जायचं होतं. इतकं सुंदर मागे नेणं मी पुन्हा पाहिलं नाही.

आणि माझ्या बाजूची, त्यांच्या डावीकडची रांग पहिल्या काठीपासून पडत गेली. चाकाखाली बांबू मोडताना बारीक आवाज होत होता, तो इंजिनाखाली बुडून जात होता. लाल चिंध्या एकेक करून मातीत गेल्या. उजवीकडच्या काठ्या जिवापाड सांभाळण्यासाठी ते थोडे डावीकडे सरकले होते, आणि डावीकडे त्यांच्या दृष्टीनं नुसतं मोकळं रान होतं.

बांधावरचं हसणं हळूहळू बंद झालं. आजाराची गोष्ट गावात कुणाला पूर्ण माहीत नव्हती, पण आता सगळ्यांना दिसत होतं.

ट्रॉली चौकोनात थांबली. निवास अजून वर होते, इंजिन बंद करून, मागेच वळून ट्रॉली चौकोनात कशी बसली ते बघत होते, तेवढ्यात त्यांच्या पाठीमागे तिघंही धावले. पडलेल्या काठ्या उचलून त्यांनी भराभर रोवल्या. मोडलेल्या होत्या त्यांची बुडखीच मातीत दाबली. बाबासोनं एक चिंधी दातांनी ओढून बांधली. चाळिशी ओलांडलेले तीन पुरुष शाळेतल्या पोरांसारखे वाकून पळत होते, आणि बांधावरच्या एकाही माणसानं तोंडातून शब्द काढला नाही.

निवास उतरले तेव्हा दोन्ही रांगा उभ्या होत्या. सर्जेरावनं त्यांचा हात धरून वर केला आणि एकही काठी पडली नाही असं जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इक्बालनं त्यांना फेटा बांधला, सर्जेरावच्या आईनं कुंकू लावून पाकीट दिलं. ते पाकीट घेऊन निवास सरळ माझ्याकडे आले. झटका आल्यापासून त्यांचा चेहरा असा मी पाहिला नव्हता. लग्नानंतर पहिल्यांदा नवा ट्रॅक्टर दारात आणला त्या दिवशीसारखा होता.

"बघितलंस?" ते म्हणाले. "आता डॉक्टरला पेढे पाठवू या."

त्यांच्या मागे सर्जेराव उभा होता. त्यानं माझ्याकडे बघून हात जोडले. मग जवळून जाताना, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "वहिनी, आज गप ऱ्हावा. पाया पडतो."

मी विचार केला, की घरी गेल्यावर सांगावं. पण घरी माझ्याकडे फक्त माझं बोलणं असणार होतं, आणि त्याची किंमत काय आहे हे मला माहीत होतं. इथे माती होती. उद्या सर्जेराव रानात नांगर घालणार होता.

"कसं नेलंत ते मला दाखवा," मी म्हणाले. "मला लांबून नीट कळलं नाही. या टोकाकडून तिकडे चालत जाऊ."

त्यांना फार आनंद झाला. इतक्या वर्षांत मी कधी असं विचारलं नव्हतं. चौकोनाजवळून आम्ही सुरुवातीच्या दिशेनं निघालो, म्हणजे ज्या दिशेनं ट्रॅक्टर आला होता तिच्या उलट. आता ती रांग त्यांच्या उजव्या हाताला होती. ते सांगत होते, इथे स्टेअरिंग एवढंच धरायचं, इथे घाई करायची नाही, इथे माणूस हमखास फसतो. सांगता सांगता त्यांचं पाऊल हळू झालं. मग ते थांबले.

चुन्याची रेघ पुसून गेली होती. तिच्यावरून टायरचा ठसा गेला होता, आणि ठशाच्या अगदी मधोमध, दाबलेल्या ओल्या मातीत, काठी उभी होती. पुढची काठीही तशीच. त्याच्या पुढचीही. रानात आधीच्या तिघांचे ठसे होतेच, पण ते झिजलेल्या टायरांचे, आणि हा ठसा त्या सगळ्यांच्या वरून गेला होता. हंगामासाठी निवासनी हौसेनं ट्रॉलीला नवे टायर घातले होते. त्यांची नक्षी मातीत खोल आणि स्वच्छ उमटली होती.

ते खाली बसले. ठशात बोटं घालून बघितली. ट्रॉलीकडे बघितलं, पुन्हा ठशाकडे. मग तसेच बसून रांगेच्या शेवटापर्यंत नजर नेली. त्यांनी आयुष्यभर माती आणि चाकं बघितली होती. तिथे मी समजावण्यासारखं काही नव्हतं.

शेवटी त्यांनी विचारलं, "सगळ्या?"

"या बाजूच्या सगळ्या."

"आणि मला एक बी दिसली न्हाई." ते मला सांगत नव्हते. जवळची काठी त्यांनी हलकेच ओढली. ती लगेच हातात आली. खाली बुडखा मोडलेला होता.

तिघं मित्र आमच्या मागे येऊन उभे राहिले होते. निवासनी काठी वर धरून विचारलं, या कुणी उभ्या केल्या. बाबासो आणि इक्बाल जमिनीकडे बघत राहिले. सर्जेराव आधी माझ्यावर उखडला. शिकलेल्या माणसाला काळीज नसतं, असं काहीतरी म्हणाला. मग तो निवासच्या समोर बसला.

"मी केल्या," तो म्हणाला. "मग काय झालं? तू चालव. तुझ्या डावीकडून मी मोटरसायकल घेऊन चालतो. रोज, प्रत्येक खेपेला. माझ्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर बसवतो. कोण आडवा येतोय बघू."

तो ते मनापासून म्हणत होता. त्यानं केलंही असतं. निवासनी त्याच्याकडे पाहिलं.

"आणि तूच चाकाखाली आलास तर? मला कळणार बी न्हाई, मर्दा. मी पुढं जाऊन च्या पीत बसंन."

सर्जेरावनं तोंड फिरवलं. इक्बाल उभ्या उभ्या रडत होता. निवासनी डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर ठेवला, त्यावर पाकीट ठेवलं, आणि खिशातून किल्ली काढून माझ्याकडे न बघताच माझ्यासमोर धरली. मी घेतली. ती गरम होती. तिचं वजन मला आजही सांगता येईल असं वाटतं, पण तो भास असणार.

मला वाटलं, आता घरी जायचं. पण ते उठले नाहीत. मोडक्या काठ्यांकडे बघता बघता त्यांचा चेहरा बदलत गेला, आणि मग ते तिघांवर चिडले. खरोखर चिडले. माझी दया आली तर येऊ दे, पण नवमीच्या दिवशी, पूजा केलेल्या यंत्रावर बसून असला तमाशा करता होय, म्हणाले. गावापुढे हसं करून घेतलं. इक्बालला म्हणाले, तुझ्या बापानं बघितलं असतं तर चाबकानं फोडला असता. बाबासोला म्हणाले, गवत खायचं असेल तर चालत जात जा.

"नव्या काठ्या आणा," ते म्हणाले. "पुन्हा लावा शर्यत. आता जो मुद्दाम चुकंल त्यानं माझ्या दारात यायचं न्हाई."

कुणी हललं नाही. मग त्यांनी स्वतःच काठ्या उपटायला सुरुवात केली, आणि ते बघवेना म्हणून तिघांनी त्या त्यांच्या हातातून घेतल्या. सर्जेरावच्या गोठ्यामागून नवे बांबू आले. चुना पुन्हा पडला. बांधावरून कुणी घरी गेलं नव्हतं. जत्रेपेक्षा एखाद्या परीक्षेसारखं वाटत होतं. निवास चौकोनाच्या बाजूला उलट्या घमेल्यावर बसले. मी त्यांच्याजवळ उभी राहिले.

बाबासो आला. त्याच्या दोन काठ्या पडल्या, आणि निवासनी त्याला तिथूनच ओरडून सांगितलं, की वळणाच्या आधीच तुझी घाई झाली, नेहमीचंच आहे. इक्बालची एक पडली. तो उतरून गुपचूप बाजूला जाऊन उभा राहिला.

सर्जेराव शेवटी आला. त्यानं एकदाही आमच्याकडे बघितलं नाही. ट्रॉली संथ मागे येत होती. निवास पुढे झुकले होते आणि त्यांचे दोन्ही हात मांडीवर बारीक हलत होते, सर्जेरावचे हात वळायच्या आधी वळत होते. वळणावर ते पुटपुटले, आता सोड, सोड आता, आणि त्याच क्षणी सर्जेरावनं स्टेअरिंग सोडलं. ट्रॉली सरळ झाली, चौकोनात आली आणि थांबली.

निवासनी उजवीकडची रांग डोळ्यांनी सावकाश तपासली, पहिल्या काठीपासून शेवटच्या काठीपर्यंत. लोक त्यांच्याकडे बघत होते, सर्जेराव सीटवरून बघत होता. निर्णय त्यांनी द्यायचा होता.

"शैला," ते हळू म्हणाले, "डावीकडं काय झालं?"

झटका आल्यापासून त्यांनी मला हे पहिल्यांदा विचारलं होतं. मी बघितलं. प्रत्येक काठी बघितली.

"सगळ्या उभ्या आहेत."

"नक्की?"

"नक्की."

मग ते घमेल्यावरून उठले, हात वर केला, आणि सर्जेराव जिंकल्याचं सगळ्या रानाला ओरडून सांगितलं.